प्रकल्प नोंदी: स्कॅनरमध्ये तीन मिनिटांचा ब्लॉक

३ मार्च

मसुदा आराखडा तपासायला घेतला. प्रश्न असा: कार्यकारी स्मृतीचे काम सलग तीन मिनिटे चालू ठेवले तर कपाळामागच्या आणि पार्श्विक पाळीतल्या भागांची पातळी टिकते, चढते की ओसरते? त्यासाठी २-बॅकचा ब्लॉक (सलग तुकडा) १८० सेकंद, ०-बॅकचा १८० सेकंद, आणि हीच जोडी पुन्हा एकदा (पुढे अ म्हणजे २-बॅक, ब म्हणजे ०-बॅक). २-बॅकमध्ये समोरचे अक्षर दोन घरे आधीच्या अक्षराशी जुळते का ते बटण दाबून सांगायचे. ०-बॅकमध्ये फक्त ठरवून दिलेले अक्षर ओळखायचे. एक रन, म्हणजे न थांबता घेतलेला एक स्कॅन, ७२० सेकंदांचा. ३ टेस्लाचे एमआरआय, ३२ चॅनेलची हेड कॉइल, बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचे काम टिपणारा सिग्नल) ईपीआय या वेगवान पद्धतीने, टीआर (एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतचा वेळ) २ सेकंद, टीई (सिग्नल वाचण्याआधीची वाट) ३० मिलिसेकंद, व्होक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन) २.५ मिमी. एकूण ३६० व्हॉल्यूम, म्हणजे अख्ख्या मेंदूची ३६० चित्रे.

कामाच्या अंगाने पाहिले तर आराखड्यात खोट नाही. सहभागी कामात रुळतो, सूचना सारख्या बदलत नाहीत, थकवा दिसायला वेळ मिळतो. अडचण मोजमापाची आहे. दोन्ही अवस्था मिळून आवर्तकाल ३६० सेकंद, म्हणजे वारंवारता ०.००२८ हर्ट्झ. बोल्ड सिग्नलमधला गोंगाट सगळ्या वारंवारतांवर सारखा नसतो. वारंवारता जितकी कमी तितका तो जास्त. ग्रेडियंट कॉइल तापणे, चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकणे, मान सैलावून डोके फोममध्ये रुतणे, श्वासाची खोली बदलणे, हे सगळे मिनिटांच्या गतीने चालते. आमचा सिग्नल नेमका त्याच पट्ट्यात जाऊन बसतो.

दुसऱ्या टोकालाही मोकळीक नाही. हिमोडायनॅमिक प्रतिसाद (मेंदूचा भाग कामाला लागल्यावर तिथल्या रक्तात होणारा बदल) शिखरावर यायला ५-६ सेकंद घेतो आणि पुरता खाली बसायला त्याहून बराच वेळ. त्यामुळे ब्लॉक चार-पाच सेकंदांवर आणला की चढ-उतार एकमेकांत मिसळून जवळपास सपाट रेषा उरते. या दोन मर्यादांच्या मधोमध १५ ते २० सेकंदांचा ब्लॉक बसतो, म्हणून बोल्डच्या नेहमीच्या प्रयोगांत तो इतका रूढ आहे. आमचा प्रश्न मात्र मिनिटांचा आहे आणि तो वीस सेकंदांत विचारताच येत नाही.

लांब ब्लॉकची सवय पेट स्कॅनमधून आली. तिथे ऑक्सिजन-१५ चे पाणी टोचायचे, अर्धायुष्य साधारण दोन मिनिटे, आणि एका टोचणीत एका अवस्थेचे एकच चित्र. अवस्था स्थिर राहणे ही तिथली गरजच होती. ती सवय बोल्डमध्ये जशीच्या तशी उचलली की घोटाळा होतो.

५ मार्च

हा मंद गोंगाट काढायला विश्लेषणात हाय-पास फिल्टर लावतात; तो आमच्या सिग्नलचे नक्की किती खातो ते मोजले. एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय हे विश्लेषणाचे नेहमीचे प्रोग्रॅम. एसपीएमचा मूळ कट-ऑफ (याहून लांब आवर्तकालाचे बदल काढले जातात) १२८ सेकंद, एफएसएलचा १०० सेकंद. एएफएनआय बहुपदी वापरते आणि तिचा घात ठरवण्याचा नेम असा: रनच्या सेकंदांना १५० ने भागून पूर्णांक घ्या, त्यात १ मिळवा. ७२० सेकंदांना घात ५ येतो. साधन वेगवेगळे असले तरी तिघांचेही काम एकच: मिनिटांच्या गतीचे बदल काढून टाकणे.

एसपीएमचे गणित हाताने करता येते. मंद बदल टिपायला मॉडेलमध्ये कोसाइन लाटांचे स्तंभ घातले जातात. ते किती? २ × ७२० ÷ १२८ + १ = १२.२५, म्हणजे १२. त्यातला एक स्थिरांक, उरले ११ कोसाइन. सर्वांत वेगवान कोसाइनचा आवर्तकाल १४४० ÷ ११, म्हणजे सुमारे १३१ सेकंद.

चौकोनी तरंगाच्या एकूण विचलनापैकी (व्हेरिअन्स) ८१ टक्के मूळ वारंवारतेत असते. त्यामुळे पहिला अंदाज असा येतो की ३६० सेकंदांची लाट गेली तर ८१ टक्के गेले, १९ टक्के उरले. प्रत्यक्षात नुकसान त्याहून जास्त आहे. कोसाइनांची घरे आमच्या तरंगाच्या घरांशी जुळत नाहीत, त्यामुळे आजूबाजूचे कोसाइनही वाटा उचलतात. १८०/१८० च्या अ-ब-अ-ब तरंगावर (प्रतिसादाशी कन्व्होल्यूशन न करता, म्हणजे प्रतिसादाचा आकार त्यात न मिसळता) सगळे अकरा कोसाइन बसवले तर सुमारे ९० टक्के विचलन त्यांच्याकडे जाते. एकट्या तिसऱ्या कोसाइनकडे ५२ टक्के. उरलेल्या १० टक्क्यांवर परिणाम मोजायचा, म्हणजे गोंगाट पांढरा मानला तरी प्रमाण त्रुटी तिपटीहून थोडी जास्त. प्रतिसादाशी कन्व्होल्यूशन केले की वरच्या वारंवारता आणखी बोथट होतात, चित्र बिघडतेच.

तुलनेसाठी आणखी दोन आराखडे त्याच पद्धतीने:

६०/६०, ७२० सेकंद: जवळपास निम्मे विचलन जाते. आवर्तकाल १२० सेकंद, कट-ऑफ १२८, म्हणजे कागदावर आपण सुरक्षित बाजूला. तरीही निम्मे जाते, कारण सर्वांत वेगवान कोसाइन अगदी शेजारी आहे आणि ब्लॉकची सुरुवात रनच्या सुरुवातीलाच असल्याने लाटेची कला (फेज) त्याला मिळतीजुळती पडते.

४०/४०, ६४० सेकंद, आठ फेऱ्या: सुमारे ५ टक्के. हे चालते.

यातून कामाचा नियम: आवर्तकाल कट-ऑफपेक्षा जेमतेम कमी असणे पुरेसे नाही. दोघांत दीडपट तरी अंतर हवे. आणि नियमावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक आराखडा मोजावा, पाच मिनिटांचे काम आहे. डिझाइनचा रिग्रेसर (मॉडेलमधला अपेक्षित सिग्नलचा स्तंभ) घ्या, सगळे कोसाइन स्तंभ त्यावर बसवा, आर-वर्ग (कोसाइनांनी उचललेला विचलनाचा वाटा) बघा. तो जितका, तितके तुमचे गेले.

७ मार्च

सूचना आली की कट-ऑफ उघडा, ७२० सेकंद ठेवा, प्रश्न मिटला. मिटत नाही. फिल्टर उघडला की परिणाम परत येतो हे खरे, पण ज्याच्यासाठी फिल्टर होता तो ड्रिफ्टही (सिग्नलचे हळूहळू सरकणे) येतो, आणि तो आमच्या रिग्रेसरशी सहसंबंधित असतो. अ-ब-अ-ब रचना आणि सरळ चढती रेषा यांचा सहसंबंध फेऱ्यांवर अवलंबून असतो: ०.८७ भागिले फेऱ्यांची संख्या. एक फेरी असेल तर ०.८७, दोन असतील तर ०.४३, आठ असतील तर ०.११. आमच्या दोनच फेऱ्या आहेत.

क्रम अ-ब-ब-अ केला तर रेषेशी सहसंबंध शून्य होतो आणि तेवढ्यावर बरेच जण समाधान मानतात. पण वक्राशी काय? वर्गपदीशी त्याचा सहसंबंध ०.८४ येतो. स्कॅनरचा ड्रिफ्ट सरळ रेषेत क्वचितच असतो. कॉइल तापत असताना सुरुवातीला वेगात आणि मग मंद, म्हणजे वक्रच. त्यापेक्षा अ-ब-अ-ब बरा, कारण वर्गपदीशी त्याचा सहसंबंध शून्य आहे आणि रेषेचा प्रश्न दुसऱ्या रनमध्ये ब-अ-ब-अ लावून सोडवता येतो.

फिल्टर डेटाला लावला आणि रिग्रेसरला लावला नाही तर परिणामाचा आकडाच चुकतो. एसपीएम आणि एफएसएल हे आपोआप सांभाळतात. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हमखास सुटते. तसेच एफएमआरआयप्रेप या पूर्वप्रक्रियेच्या प्रोग्रॅममधून येणारे कॉम्पकॉरचे घटक (गोंगाट टिपणारे तयार स्तंभ) कोसाइन काढून झाल्यावर मोजलेले असतात. ते वापरायचे तर त्याच मॉडेलमध्ये त्याच कोसाइनचे स्तंभही हवेत, आणि वर एसपीएमचा फिल्टर वेगळा लावायचा नाही. म्हणजे कॉम्पकॉर घेऊन कट-ऑफ मोकळा सोडणे हा पर्याय मुळात उपलब्धच नाही.

१२ मार्च

मधली वाट म्हणून अ, विश्रांती, ब, विश्रांती, प्रत्येकी ४० सेकंद, असा प्रस्ताव. ब्लॉक लहान आहेत म्हणून सगळ्यांना सुरक्षित वाटला. इथे सापळा आहे आणि तो ओळीने सगळ्या मसुद्यांत दिसतो, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

फिल्टर ब्लॉकची लांबी पाहत नाही, तुलनेचा आवर्तकाल पाहतो. एकाच रनमधल्या दोन तुलनांचे आवर्तकाल वेगळे असू शकतात. काम विरुद्ध विश्रांती ही तुलना दर ८० सेकंदांनी पुन्हा येते, म्हणून ती तरते. पण २-बॅक विरुद्ध ०-बॅक? पहिल्या अ पासून पुढच्या अ पर्यंत १६० सेकंद. १२८ च्या पलीकडे. मजा अशी की नकाशात काम-विरुद्ध-विश्रांती लख्ख पेटलेले दिसते, त्यामुळे डेटा उत्तम आहे असे वाटते, आणि ज्या तुलनेसाठी प्रयोग केला ती फिकट येते. मग दोष कामाला दिला जातो किंवा सहभागींच्या संख्येला.

क्रम यादृच्छिक केला तर आणखी वाईट. अ-अ-ब-ब असे तुकडे अधूनमधून येतातच आणि तेवढ्या पट्ट्यात आवर्तकाल दुप्पट होतो. यादृच्छिक क्रम हवाच असेल तर हजारभर क्रम तयार करून प्रत्येकाचा आर-वर्ग मोजावा आणि सर्वांत कमी असलेले वीस-पंचवीस ठेवावेत.

आमच्या बोल्ड रनमधून मधली विश्रांती काढली. २-बॅक ४०, ०-बॅक ४०, आठ फेऱ्या. ०-बॅक हीच बेसलाइन. विश्रांतीत लोक काय करतात ते कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तिच्याशी केलेली तुलना तशीही वाचायला अवघड.

१४ मार्च

मिश्र आराखडा (लांब ब्लॉकच्या आत वेळ बदलत येणाऱ्या ट्रायल, म्हणजे एकेक अक्षर आणि त्याचे उत्तर, टिकाऊ पातळीला एक रिग्रेसर, प्रत्येक ट्रायलला वेगळे) विचारात घेऊन बाजूला ठेवला. टिकाऊ भाग वेगळा काढायचा तर ट्रायलमधले अंतर बदलते हवे. ठरावीक अंतर ठेवले की ट्रायलचा रिग्रेसर आणि ब्लॉकचा रिग्रेसर एकमेकांची नक्कल होतात. पण २-बॅकमध्ये अंतर बदलले की लक्षात धरून ठेवण्याचा काळही बदलतो, म्हणजे कामच बदलते. शिवाय टिकाऊ पातळीची वारंवारता त्याने वाढत नाही, ५ मार्चचे गणित तसेच लागू राहते. दक्षतेच्या कामांना, जिथे ट्रायल विरळ आणि स्वतंत्र असतात, हा आराखडा शोभतो.

१९ मार्च

मुख्य निर्णय: तीन मिनिटांचे ब्लॉक ठेवायचे, मोजमाप बदलायचे. बोल्डऐवजी एएसएल (रक्तप्रवाह थेट मोजणारी एमआरआयची पद्धत). बोल्डचा ४०/४० रन फक्त प्रदेश आखायला राहील.

कारण तंत्रातच आहे. एएसएलमध्ये मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याला रेडिओ लहरींनी खूण केली जाते. एका चित्रात खूण केलेली, पुढच्यात न केलेली, असे आलटून पालटून. दोन चित्रांची वजाबाकी म्हणजे त्या भागात पोचलेले रक्त. ड्रिफ्ट दोन्ही चित्रांत जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. वारंवारतेच्या भाषेत सांगायचे तर रक्तप्रवाहाची माहिती दर दोन टीआरला उलटसुलट होणाऱ्या लाटेवर बसवली जाते, टीआर ४.५ सेकंद धरला तर ०.१११ हर्ट्झ, म्हणजे ड्रिफ्टपासून लांब. वजाबाकीनंतरची मालिका कमी वारंवारतेवरही जवळपास पांढऱ्या गोंगाटाची असते. ०.००२८ हर्ट्झचा आराखडा तिथे तगतो, हाय-पास फिल्टर लागतच नाही.

दुसरा फायदा आमच्या प्रश्नाच्या कामाचा. बोल्डचा आकडा मनमानी एककात असतो; रनची सरासरी काढून टाकली की पातळीचे काहीच सांगता येत नाही. एएसएलमध्ये दर १०० ग्रॅममागे मिनिटाला किती मिलिलिटर असे एकक मिळते. पातळी टिकली का, हे दोन रनमध्ये ताडून पाहता येते.

किंमतही चोख मोजावी लागते. खूण केलेल्या रक्ताने पडणारा फरक ऊतीच्या सिग्नलच्या साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. एक जोडी (खूण केलेले आणि न केलेले चित्र) ९ सेकंदांची, म्हणजे वेळेची बारीकी गेली. व्होक्सेल मोठे. आखूड ब्लॉकच्या प्रयोगात बोल्ड एएसएलला सहज मागे टाकते, तिथे एएसएल वापरणे निव्वळ हट्ट.

२१ मार्च

एएसएलची मापे पक्की केली. पीसीएएसएल (एएसएलचा खूण सलग चालू ठेवणारा प्रकार), खुणेचा काळ १८०० मिलिसेकंद, नंतरची वाट १८०० मिलिसेकंद. हे निरोगी प्रौढांसाठी, ७० वर्षांपुढच्यांसाठी वाट २००० करावी लागते. पार्श्वभूमी, म्हणजे स्थिर ऊतीचा सिग्नल, दाबण्याचे पल्स चालू. वाचन त्रिमितीय आणि तुकड्यांत करण्याची शिफारस असते, पण वेळेची मालिका हवी असेल तर तुकडे कमीत कमी ठेवावेत. चार तुकड्यांचे वाचन घेतले तर एका चित्रालाच चार टीआर जातात आणि ४५ सेकंदांच्या हिश्शाला अर्थ उरत नाही. एका झटक्यात वाचन, व्होक्सेल ३.५ × ३.५ × ५ मिमी. शिवाय एमझिरो चित्र (प्रवाहाचे एकक काढायला लागणारे संदर्भचित्र) वेगळे, लांब टीआरने, पार्श्वभूमी न दाबता. ते घ्यायचे राहून गेले तर एकक काढता येत नाही आणि नंतर भरून काढायची सोय नसते. रक्ताचा टी१ १६५० मिलिसेकंद, खुणेची कार्यक्षमता ०.८५, विभाजन गुणांक ०.९.

खुणेचे प्रतल आधी छोटा अँजिओग्राम काढून ठेवायचे: कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल दोन्ही सरळ वर जात असतील अशा ठिकाणी, त्यांना शक्य तितके काटकोनात. वळणावर ठेवले तर एका बाजूची खूण कच्ची बसते आणि नकाशात अर्धा मेंदू फिका दिसतो. दातांची तार किंवा धातूचे ब्रिज असलेल्यांत हे खास बघावे.

बेरीज: १८० सेकंदांत २० जोड्या. अवस्था बदलल्यावर पहिल्या दोन जोड्या (१८ सेकंद) सोडायच्या, कारण प्रतिसाद अजून मागच्या अवस्थेतून सावरत असतो. उरल्या १८. रनमध्ये प्रत्येक अवस्थेचे दोन ब्लॉक, दोन रन: अवस्थेमागे ७२ जोड्या.

काळानुसार बदल पाहण्यासाठी ब्लॉकचे ४५ सेकंदांचे चार हिस्से. प्रत्येकात ५ जोड्या, फक्त पहिल्यात ३ उरतात. चार ब्लॉक मिळून १२, २०, २०, २०. पहिल्या हिश्शाची अचूकता कमी आहे हे मॉडेलमध्ये वजन देऊन धरायचे, नाहीतर सुरुवातीचा एखादा आकडा विनाकारण उठून दिसेल.

२६ मार्च

कामाची स्क्रिप्ट. ट्रायल २.५ सेकंदांची: अक्षर ०.५, कोरा पडदा २. बोल्डच्या ४० सेकंदांत १६ घरे. पहिले घर सूचनेचे, १५ ट्रायल. एएसएलच्या १८० सेकंदांत ७२ घरे, ७१ ट्रायल. जुळणारी अक्षरे एक तृतीयांश, दोन्ही अवस्थांत सारखी. जुळो वा न जुळो, प्रत्येक ट्रायलला दोनपैकी एक बटण दाबायचेच, म्हणजे बोटाच्या हालचालीचा फरक तुलनेत शिरणार नाही. एक घर आणि तीन घरे आधीच्या अक्षराशी जुळणारी चकवणारी अक्षरे थोडी घालायची. ती नसतील तर लोक ओळखीच्या भावनेवर उत्तर देतात आणि स्मृतीचे काम होतच नाही.

ट्रायल २.५ आणि टीआर २ मुद्दाम विषम. दर १० सेकंदांनी कला परत जुळते, मधल्या चार ट्रायल वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जातात. एएसएलमध्ये जोडी ९ सेकंदांची, ट्रायलशी दर ४५ सेकंदांनी जुळते. ट्रायल २.२५ सेकंदांची असती तर अक्षर नेहमी खुणेच्या त्याच क्षणी आले असते, ते टाळले.

सूचनेच्या घराला स्वतंत्र रिग्रेसर. ब्लॉक बदलताना अख्ख्या मेंदूभर एक ठसका येतो. तो ब्लॉकच्या खात्यात जमा झाला तर टिकाऊ पातळी फुगलेली दिसते.

वेळेची चाचणी: पडदा ६० हर्ट्झ, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद. स्क्रिप्ट जर ‘अक्षर दाखव, २ सेकंद थांब’ अशी लिहिली असेल तर प्रत्येक ट्रायलला एखादी फ्रेम उशीर लागतो आणि तो साचत जातो. ७२० सेकंदांत २८८ घरे. घरामागे एक फ्रेम म्हणजे शेवटी ४.८ सेकंदांची घसरण. शेवटचा ब्लॉक मॉडेलमध्ये एका ठिकाणी, प्रत्यक्षात एएसएलचे जवळपास एक व्हॉल्यूम पुढे. थोड्या ट्रायलच्या छोट्या रनमध्ये हे लक्षातही येत नाही. उपाय: प्रत्येक घराची वेळ पहिल्या ट्रिगरपासून (स्कॅनर चित्र घेताना पाठवतो तो पल्स) मोजून आधीच ठरवायची आणि त्या घड्याळाची वाट बघायची. लॉगमध्ये ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ दोन्ही, शिवाय सगळे ट्रिगर. शेवटच्या घराचा फरक २० मिलिसेकंदांच्या वर गेला तर रन सुरू करायची नाही, स्क्रिप्ट दुरुस्त करायची.

२ एप्रिल

फॅन्टमवर (माणसाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या गोळ्यावर) स्थिरता. स्कॅनरची गुणवत्ता तपासायच्या नेहमीच्या एफबर्न पद्धतीत २०० व्हॉल्यूम, टीआर २, मधल्या स्लाइसवर २१ × २१ व्होक्सेलचा चौकोन. चढउताराची टक्केवारी, ड्रिफ्ट आणि सिग्नलचे चढउताराशी गुणोत्तर. ते ४०० सेकंदांचे झाले. आमचा बोल्ड रन ६६४ सेकंदांचा आहे (आधी १० सेकंद टिंब, मग ६४०, शेवटी १४ सेकंद टिंब, म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा उतार हाती लागतो, ३३२ व्हॉल्यूम). म्हणून फॅन्टमही पूर्ण लांबीचा घ्यायचा, आणि दोनदा: एकदा मशीन थंड असताना, एकदा डिफ्यूजन सीक्वेन्सनंतर (ग्रेडियंट जोरात वापरणारा दुसरा स्कॅन) लगेच. दुसऱ्यात ड्रिफ्ट उठून दिसतो. ग्रेडियंट तापले की क्षेत्र सरकते, आणि ईपीआयमध्ये क्षेत्र सरकले की चित्र फेज दिशेने सरकते. वाचन एकूण ५० मिलिसेकंदांचे असेल तर दर २० हर्ट्झला एक व्होक्सेल. दहा हर्ट्झ म्हणजे अर्धा व्होक्सेल, आणि हालचाल दुरुस्त करणारा प्रोग्रॅम तो डोक्याची हालचाल समजून नोंदवतो.

ठरले: डिफ्यूजन या सत्रात नाही. ज्यांना हवेच आहे त्यांनी शेवटी घ्यावे.

९ एप्रिल

श्वास आणि नाडी. पट्टा आणि बोटाचा सेन्सर प्रत्येक रनमध्ये, अपवाद नाही.

टीआर २ सेकंद असताना ०.२५ हर्ट्झच्या वरचे सगळे खाली दुमडून येते. नाडी मिनिटाला ६६, म्हणजे १.१ हर्ट्झ असेल तर ती ०.१ हर्ट्झवर दिसते. तिथे फारसे बिघडत नाही. नाडी ६०.६ झाली की १.०१ हर्ट्झ, आणि ती येते ०.०१ हर्ट्झवर, म्हणजे ४०/४० च्या ०.०१२५ च्या शेजारी. तीच व्यक्ती, पाच ठोक्यांचा फरक. नोंद ठेवल्याशिवाय हे नंतर ओळखताच येत नाही.

श्वासाचे दुखणे वेगळे आणि एएसएलने बरे होत नाही, हे ठळक अक्षरात. अवघड काम करताना लोक श्वास आखडतात किंवा वेगाने घेतात. रक्तातला कार्बन डायॉक्साइड बदलतो आणि त्यासरशी मेंदूचा एकूण रक्तप्रवाहही. तीन मिनिटे हा बदल मुरायला भरपूर झाली. तेव्हा १८०/१८० मध्ये दिसलेला फरक मज्जापेशींचा की श्वासाचा, हे ठरवायला नाकाशी लावलेल्या नळीतून श्वासान्तीचा कार्बन डायॉक्साइड मोजणार. सगळ्या करड्या भागाचा सरासरी प्रवाह मॉडेलमधून काढून टाकणे हा सोपा उपाय वाटतो, पण २-बॅकने मोठा प्रदेश खरोखर जागा होत असेल तर आपण त्याचाच काही भाग कापतो. दोन्ही विश्लेषणे करायची, मुख्य कोणते ते आधी लिहून ठेवायचे: कार्बन डायॉक्साइड धरलेले, सरासरी न काढलेले.

कॉफी-चहाची वेळ लिहून घ्यायची. कॅफीनने रक्तप्रवाह चांगलाच घटतो. सोडायला लावण्यापेक्षा नेहमीचे प्रमाण आणि शेवटच्या कपाची वेळ जास्त उपयोगी. नेहमी घेणाऱ्याने एकदम सोडली तर उलट दिशेचा बदल येतो.

१६ एप्रिल

नल चाचणी. खुल्या संग्रहातले विश्रांतीचे बोल्ड स्कॅन घ्यायचे, त्यावर ४०/४०, ६०/६० आणि १८०/१८० असे तिन्ही आराखडे खोटेच बसवायचे, कट-ऑफ १२८ आणि मोकळा असे दोन्ही. काम झालेलेच नाही, म्हणून ०.०५ च्या पातळीवर पाच टक्क्यांच्या आसपासच काही सापडले पाहिजे. लांब ब्लॉक आणि आखूड टीआर एकत्र आले की गोंगाटाचे साधे एआर(१) मॉडेल (प्रत्येक चित्राचा गोंगाट फक्त आधीच्या चित्रावर अवलंबून मानणारे) पुरे पडत नाही आणि हा आकडा फुगतो; एसपीएममध्ये त्यासाठी फास्ट हा पर्याय आहे, एएफएनआयमध्ये एआरएमए(१,१). खोटे व्होक्सेल मेंदूच्या कडेने आणि व्हेंट्रिकलभोवती गोळा झाले तर हालचाल किंवा ड्रिफ्ट समजावा.

२३ एप्रिल

सत्राचा क्रम: लोकलायझर (जागा ठरवायचे चित्र), शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखे करणे) आणि अँजिओग्राम ३ ते ४ मिनिटे, एएसएल पहिला रन १२, टी१ चित्र (मेंदूच्या रचनेचे) ६, एएसएल दुसरा रन १२, एमझिरो १, फील्ड मॅप १, बोल्ड ११. पाऊण तासाच्या थोडे पुढे. टी१ मुद्दाम मध्ये: सहभागीला सहा मिनिटे डोळे मिटू देता येतात.

एएसएलचा पहिला रन अर्ध्या सहभागींना अ-ब-अ-ब, दुसरा ब-अ-ब-अ, बाकीच्यांना उलट. वजाबाकीने स्कॅनरचा ड्रिफ्ट जातो, माणसाचा जात नाही. बारा मिनिटांत पेंग येते, श्वास मंदावतो, प्रवाह खरोखरच उतरतो, आणि ७ मार्चचा ०.४३ तिथेही लागू आहे.

डोळ्यांवर कॅमेरा. एका ४५ सेकंदांच्या हिश्शात (१८ घरे) सलग तीन ट्रायलला उत्तर नाही आणि पापण्या मिटलेल्या, तर तो हिस्सा वगळायचा. बटणांचा वेळ आणि त्याची अस्थिरता हिश्शागणिक लिहायची. प्रवाह ओसरला आणि उत्तरे तशीच चोख राहिली, तर अर्थ पूर्ण वेगळा निघतो.

३० एप्रिल

हालचालीचे निकष. बोल्ड: एफडी (दोन लागोपाठच्या चित्रांमधली डोक्याची हालचाल) ०.५ मिमीच्या वर गेलेल्या व्हॉल्यूमवर खूण, पाचवा हिस्सा ओलांडला तर रन बाद. एएसएल: जोडीतले एक चित्र गेले तर अख्खी जोडी जाते. खूण केलेले आणि न केलेले चित्र यांच्या मध्ये डोके हलले की वजाबाकीत कवटीलगत पांढरी-काळी कड उमटते, ती डोळ्यांनीही दिसते.

एएसएलची हालचाल-दुरुस्ती जपून. दोन प्रकारच्या चित्रांची चमक मुळातच वेगळी असते, आणि प्रोग्रॅम तो फरकही हालचालीच्या आकड्यांत ओढतो: एक वर, एक खाली, असा दातेरी आलेख येतो. तो आलटून पालटून येणारा भाग आकड्यांतून आधी काढायचा, मग दुरुस्ती लावायची. नाहीतर प्रोग्रॅम प्रत्येक जोडीत खोटी हालचाल घालतो.

७ मे

पूर्वनोंदणीत गोठवलेले: बोल्डचा कट-ऑफ १२८ आणि दहा कोसाइन, एएसएलला हाय-पास नाही, सोडायच्या जोड्या दोन, हिस्से चार, मुख्य तुलना पहिल्या आणि शेवटच्या हिश्शातली २-बॅक वजा ०-बॅक. बोल्ड रन फक्त प्रदेश आखण्यासाठी, काळानुसार बदलाचा कोणताही दावा त्यावरून नाही.

बाकी काम: नाकाच्या नळीचा उशीर (नमुना यंत्रापर्यंत पोचायला लागणारा वेळ) मोजणे, ट्रिगर बॉक्स एएसएल सीक्वेन्समध्ये प्रत्येक टीआरला एकच पल्स देतो का ते तपासणे. काही सीक्वेन्स खूण आणि वाचन यांना वेगळे पल्स देतात, मग स्क्रिप्टमधली मोजणी दुप्पट होते.